डावा हात रिकामा

मी दुसरीत असताना हळद शिजवायच्या कढईतलं उकळतं पाणी आईच्या डाव्या हातावर सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी आवळून चकचकीत झाली. आमच्या वसमत भागात घरोघरी हळद शिजते; असे डाग पुष्कळांच्या अंगावर दिसतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

बऱ्याच वर्षांनी, एका पावसाळ्यात त्याच डागावर मनगटाजवळ जखम झाली. सोयाबीन निंदताना काडी लागली, असं आई म्हणाली. मी तेव्हा विज्ञानाची पदवी घेऊन घरी आले होते. आमच्या घरातली ती पहिलीच पदवी. जखमेवर मी रोज घरची हळद तेलात कालवून लावायचे. खपली धरायची, पडायची, पुन्हा ओल यायची. "भरत आलीय," असं मीच सांगायचे. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आमच्या गावात कासारीण मावशी वर्षातून दोनदा बांगड्या भरायला येते, नागपंचमीला आणि संक्रांतीला. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गावातल्या प्रत्येक बाईच्या बांगडीचं माप तिला तोंडपाठ आहे. नागपंचमीला तिनं जखम पाहिली आणि जपून बांगड्या सरकवल्या. संक्रांतीला ती पुन्हा आमच्या ओसरीवर बसली. आईचा हात साबणाच्या पाण्यानं ओला करताच वरची हळद धुऊन गेली. खाली जखमेचे काठ जाड होऊन वर आले होते. मावशीच्या बोटाला रक्त लागलं.

"हे पंचमीचंच का गं?"

"तेच. जुनी कातडी है, भरायला टाइम लागतो."

"इतक्या दिवसात मोडलेलं हाडबी बसतं, बाई." मग ती माझ्याकडे वळली. "काहून गं पोरी, तू तर शिकलेली ना? हळदीखाली झाकून ठेवलंस व्हय?"

तिनं आईच्या उजव्या हातात बांगड्या भरल्या. डावा हात स्वतःच्या पदरानं पुसला आणि परत आईच्या मांडीवर ठेवला.

"ह्या हातात मी भरणार न्हाई. आधी डॉक्टरला दाखव."

आई घाबरली. "सणाचा हात रिकामा ठेवतीस? नवरा जिता है माझा!"

"जिता है ना? मग त्यालाच गाडी काढाय लाव."

"बाया इचारतील की."

"इचारू दे. लपवून लपवूनच इतकं झालंय."

बायांनी विचारलंच. त्या संध्याकाळी आई हळदी-कुंकवाची दोनच घरं करून परत आली. पायरीवर बसत म्हणाली, "उद्या जाऊ दवाखान्यात."

तालुक्याच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात उजेडात धरून दोनच गोष्टी विचारल्या: भाजलं कधी आणि जखम कधीची. भाजल्याच्या जुन्या डागावरची जखम महिना उलटूनही भरत नसेल, काठ कडक होत असतील, धक्का लागताच रक्त येत असेल, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे, असं त्यांनी समजावलं. तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला.

आईनं एकच विचारलं, "हात राहील का?"

"राहील. अजून पसरलेला नाही. आणखी थांबला असतात, तर मला असं सांगता आलं नसतं."

तेवढा भाग काढून तिथं मांडीची कातडी लावली. दवाखान्याच्या बाकावर बसून मला माझी कॉलेजातली वही आठवत होती. कातडीच्या थरांची आकृती मी रंगीत पेन्सिलींनी इतकी सुबक काढली होती की सरांनी ती वर्गात फिरवली होती. आईचा हात मात्र मी रोज हळद लावूनही नीट पाहिला नव्हता. मावशी गेल्या सणाचा हात लक्षात ठेवून या सणाचा हात पाहते. मला शिकवणारे पुष्कळ भेटले आणि त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांत आता मी मावशीलाही धरते.

पुढच्या नागपंचमीला मावशी चार दिवस आधीच आली, तेव्हा ती प्रत्येकीचा हात उलटून पाहत होती. हा डाग कधीचा, ही जखम कधीची, असं विचारत होती. गावातल्या तिघींना तिनं तसंच रिकाम्या हातानं दवाखान्यात पाठवलं. दोन दिवसांत तिघी डॉक्टरांना दाखवून परतल्या; कुणाचंच काही निघालं नाही. एकीनं टोमणा मारला, "मावशे, आता डॉक्टरकीची पाटीच लाव की!" मावशी हसली. "काही निघालं न्हाई ना? मग आण हात."

शेवटी आईची पाळी आली. नव्या कातडीनं मनगट थोडं जाड झालं होतं, म्हणून मावशीनं एक माप मोठ्या बांगड्या काढल्या. पण त्या भरायच्या आधी तिनं आईचा डावा हात माझ्या हातात दिला.

"ह्या बारीला तू सांग. भरू का?"

मी हात साबणानं धुतला, ओसरीच्या कडेला उन्हात नेला. बोटानं सगळे काठ चाचपले, मग हात उलटा करून पाहिला. कातडी सपाट, कोरडी होती. आई माझ्याकडे बघत होती.

"भर," मी म्हणाले.