कुलाब्याला गेलेला पटका

दुष्काळाच्या त्या वर्षी, मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, मुंबई सेंट्रलच्या बसस्टॉपवरून माझ्या वडिलांचा पटका एकटाच कुलाब्याला गेला. वडील स्टॉपवर राहिले.

ते वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन होते. जनावरांच्या चारा छावणीचा अर्ज तालुक्यातून जिल्ह्यात गेला आणि तिथे अडकला. कडबा संपला होता. पुढच्या बाजारी जनावरं वडवणीला विकायला न्यायची, असं सभासदांनी ठरवलं होतं. तत्पूर्वी मंत्रालयात एकदा भेटावं म्हणून वडील आणि धाकटे काका रात्रीच्या एसटीने आले. मी तेव्हा मुंबईत एका दैनिकात बातमीदार होतो. छावण्यांचं काम बघणाऱ्या तिथल्या साहेबांनी त्या दिवशी बाराची वेळ दिली होती.

आमच्याकडे एसटी स्टँडात शिरली की खिडकीतून टॉवेल, टोपी, हाताला येईल ते आत टाकतात. ज्याचं कापड, त्याची जागा. त्यावरून भांडण होत नाही. बेस्टची बस थांबताच वडिलांनी डोक्यावरचा गुलाबी पटका उतरवून खिडकीच्या गजांमधून आत सारला आणि निवांत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. रांग अर्धी आत गेली. घंटी वाजली. बस निघाली.

"दादा, ही काय वडवणीची एष्टी हाय का?" काका म्हणाले. "पटका निघाला मुंबई बघाया. तू बस हितंच."

"गप रं."

अकरा वाजून गेले होते. मी वडिलांना म्हणालो, "आण्णा, समोर टोपी मिळते. घेऊ आणि थेट मंत्रालयात जाऊ."

"टोपी पुढाऱ्याची. साहेब मला पुढारी समजंल, चहा पाजंल अन् वाटंला लावंल."

"मग तसंच चला."

"बोडक्यानं? गावानं धाडलंय मला."

त्याच नंबरची पुढची बस आम्ही धरली. ऑपेरा हाऊस, मेट्रो सिनेमा, हुतात्मा चौक. मी एकेक दाखवत होतो. वडील प्रत्येक स्टॉपवर उतरणाऱ्यांची डोकी पाहत होते. म्युझियमपाशी काकांनी घुमटाकडे बोट केलं, "दादा, बघ, केवढा पटका बांधलाय."

वडील हसले नाहीत.

कुलाबा आगारात, गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरच्या केबिनमध्ये, टेबलावर, पटका घडी करून ठेवलेला होता. शेजारी आधीच्या बसचा कंडक्टर चहा पीत होता.

"तुमचा का हा?" तो म्हणाला. "अख्खी बस भरलेली. दोन बायका सीटपाशी उभ्या. मी म्हटलं, बसा, इथे सीट धरत नाहीत. त्या म्हणाल्या, कुणा म्हाताऱ्या माणसाचा दिसतोय, येतील. उभ्याच आल्या शेवटपर्यंत."

"म्हंजी जागा राह्यली," वडील म्हणाले.

"राहिली की."

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पटक्याचं एक टोक धरलं. उभ्या बसच्या काचेत बघून वडिलांनी तो बांधला, घाई न करता.

मंत्रालयात पोचलो तेव्हा साहेब बैठकीला गेले होते. चारच्या सुमारास बोलावणं आलं.

"वेळ बाराची होती," साहेब म्हणाले.

काकांनी मला न विचारता सगळी हकीकत सांगितली. साहेब मोठ्याने हसले. वडील उभेच होते.

"साहेब, वळख ना पाळख, तुमच्या शहरातल्या बायांनी माझ्या कापडाची जागा राखली," ते म्हणाले. "आमी तर अर्ज ठिवलाय. त्याची जागा कुटं हाय, तेवडं सांगा."

साहेबांनी हसणं थांबवलं. बसायला सांगितलं. बीडला जिल्हा कचेरीत फोन लावला आणि आमच्यासमोरच अर्जाची चौकशी केली.

बाजाराच्या आदल्या दिवशी संस्थेच्या आवारात छावणी सुरू झाली. बाजारच्या दिवशी काका मुद्दाम वडवणीला जाऊन आले. आमच्या गावचं एकही जनावर तिथे विकायला उभं नव्हतं.