चौकटीचा आहेर

आमच्याकडं घराची चौकट उभी करायच्या दिवशी गवंडी रुसून बसतो. खरा रुसत नाही, रीतच आहे तशी. चौकट ओळंब्यात धरायची आणि ऐन वेळी हात काढून बाजूला जाऊन बसायचं. मग मालकिणीनं चौकटीला हळदीकुंकू लावायचं, गवंड्याला टॉवेल-टोपी द्यायची, की गडी हसत उठतो. माझा नवरा गवंडी आणि मी त्यांच्याच हाताखाली बिगारी. त्यांनी आजवर किती चौकटी बसवल्या देव जाणे. पत्र्याच्या पेटीत नुसत्या टोप्यांची चळत होती, पण ती पेटी ठेवायला आम्हाला स्वतःचं घर नव्हतं.

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत आमचं गाव. दोन खणांच्या घरात तिघे भाऊ मावेनात म्हणून आम्ही सासूला घेऊन भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. घरकुलाच्या यादीत नाव आलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. काय येडी मी! घरकुलाला पैसे मिळतात, जागा ज्याची त्यानं दाखवायची असते. ऑफिसात साहेब म्हणाले, "जागेचा उतारा आणा." मी तिथंच म्हणाले, "जागा असती तर तुमच्या दारात कशाला आले असते?" आमचे हे मागनं पदर ओढत होते. साहेबांनी शांतपणे सांगितलं, यंदा जागा दाखवली नाही तर नाव कटणार. आमच्यासारखी अजून अठरा घरं होती गावात.

त्याच साली हायवेलगतच्या माळावर बंगल्यांचं काम निघालं. मोठा बोर्ड लागला, त्यावर निळ्या पाण्याचा हौद आणि हौदात हसणारी गोरीगोमटी माणसं. सोलापूर-हैदराबादचे लोक म्हणे शनिवार-रविवारी येऊन राहणार. एकेका बंगल्यात माणसं चार आणि संडास पाच. मी नवऱ्याला विचारलं, "ही माणसं खातात तरी काय?" पण खोटं कशाला बोलू, दोन वर्षं आमची चूल त्याच बंगल्यांवर पेटली. विटा आम्हीच वाहिल्या, भिंती आम्हीच उचलल्या.

शाळेच्या मागं गायरानाचा एक पट्टा होता. त्यात घरकुलांना जागा द्या, असा अर्ज आम्ही एकोणीस घरांनी केला. बंगलेवाल्यांनीही अर्ज केला. त्यांना त्याच पट्ट्यातून गाड्यांसाठी रुंद रस्ता पाहिजे होता. ग्रामसभेत दोन्ही अर्ज निघणार होते. आणि ठेकेदारानं निरोप धाडला, नेमका त्याच दिवशी मोठ्या बंगल्याचा स्लॅब टाकायचा. स्लॅब म्हणजे सगळी टोळी लागते, टोळीत बहुतेक आम्ही अर्जवालेच, आणि एकदा मिक्सर सुरू झालं की मधी थांबता येत नाही. नाही म्हणायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी बाहेरगावची टोळी येऊन उभी राहिली असती.

माझं डोकं फिरलं. मी ठेकेदाराला गाठलं. "दादा, सभा अकराला हाय. पहाटे चारला मिक्सर चालू करा, आमी समद्या येतो."

"लवकर हुतंय तर माझं काय जातंय?" तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही बंगलेवाल्यांकडनं सांगून आलं होतं.

घरी येऊन सासूला म्हणाले, "आत्या, आमी येईस्तोर तुमी सभा लांबवा."

"त्यात काय, तोंड हाय की मला," सासू म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

पहाटे दिवे लावून काम सुरू झालं. डोक्यावर चुंबळ, हातातनं हातात घमेली, उसंत म्हणून नाही. अकरा वाजले तरी एक कोपरा उरलाच. रांगेतल्या एकीनं घमेलं आपटलं. "चला गं, मरू दे ह्यांचा स्लॅब!" मीही चुंबळ काढली. तेवढ्यात वरनं आमचे हे ओरडले, "अर्ध्यात सोडला तर जोड राहतो. कुणाचं बी घर असू दे, माझ्या हातचा स्लॅब गळणार न्हाय!"

असा राग आला म्हणून सांगू! आपल्या डोक्यावर धड पत्रा नाही आणि ह्यांना लोकांच्या छताची काळजी. पण वर बघितलं तर ते गुडघाभर मालात उभे, डोळ्यात पाणी. सभा त्यांनाही कळत होती. मी चुंबळ परत डोक्यावर ठेवली. बाकीच्याही वळल्या.

इकडं सभेत काय चाललं होतं ते शेजारणीनं मागनं सांगितलं. सासूनं उठून मागल्या सभेचं लिहिलेलं वाचायला लावलं. ग्रामसेवकांनी वाचलं. "मला ऐकू आलं न्हाय, मोठ्यानं वाचा." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आता पहिल्यापास्नं." सरपंच तडकले. सासू म्हणाली, "गावाची सभा हाय न्हवं? मग गावाला ऐकू याया नको?" शेजारच्या घरात ताट ठेवलं तरी ऐकू येणारी बाई ही!

शेवटचं घमेलं ओतलं आणि तशाच ट्रॉलीत चढलो. पोचलो तेव्हा रस्त्याच्या बाजूनं हात वर झाले होते, मोजून होत होते. मग सरपंच म्हणाले, "घरकुलाच्या बाजूनं कोण?" आम्ही दारातनंच हात वर केले. सगळे हात सिमेंटनं पांढुरके पडलेले. ग्रामसेवकांनी मोजले, आमचे जास्त भरले. सासू म्हणाली, "मला दिसलं न्हाय, परत मोजा." सगळी सभा हसली, सरपंचसुद्धा.

ठराव झाला म्हणजे घर झालं असं नाही, तो दाखवून यादीतलं नाव तेवढं टिकलं. कागद तालुक्याला गेला, तिथनं जिल्ह्याला, वर्षभर फिरला. मी दर महिन्याला जाऊन डोकं खायचे. शेवटी मोजणी झाली आणि आखलेल्या जागा हातात पडल्या. बंगल्यांना पलीकडून रस्ता मिळाला, तेही उभे राहिले. अजून तिथं आम्हीच कामाला जातो. तो स्लॅब दोन पावसाळे झाले, गळला नाही.

आमचा पाया भरला, आणि चौकटीचा दिवस आला. लिंबाच्या लाकडाची साधी चौकट. ह्यांनी ओळंबा लावला, एक डोळा मिटून बघितलं आणि एकदम हात काढून वाळूच्या ढिगावर जाऊन बसले.

"काय झालं? कंबर धरली का?" मी विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"अगं, गवंडी रुसलाय," सासू म्हणाली. "मालकिणीला पाठवा की."

मी मागं वळून बघितलं, कोण मालकीण आली म्हणून. मागं कुणीच नव्हतं. सगळे माझ्याकडंच बघत होते.

टॉवेल-टोपी आणायचं माझ्या ध्यानातच नव्हतं. पळत खोलीवर गेले, पेटी उघडली आणि दुसऱ्यांच्या घरून मिळालेल्या टोप्यांतली सगळ्यात कोरी काढून आणली. चौकटीला हळदीकुंकू लावलं, टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. "उठा आता," म्हणाले आणि मला रडूच फुटलं. तसे ते उठले आणि चौकट बसवली.