माहा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा

माह्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हा कोणाची किडनी घ्याची यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही. सासूनं सरळ माह्याकडं पायलं. धाकटा देर म्हणे, मले शुगर आहे, माही चालत नाही. त्याची बायको, माही देराणी, चहाचे कप उचलून आत निघून गेली. बायकोच देते, असं आमच्या एमपीतल्या बालाघाटकडं सगळ्यायनं धरूनच ठेवलेलं असते.

मी हौ म्हटलं. प्रेमानं म्हटलं असं कोणी समजू नये. हा माणूस मले मारे. भाजीत मीठ जास्त झालं तं मारे, कमी झालं तं मारे, अन् हापिसात सायबानं झापलं तं घरी येऊन बूट काढाच्या आधी मारे. पण तो मेला असता तं लेकरं घेऊन मी त्याच घरात, त्याच सासूच्या हाताखाली राह्यली असती. शिवाय मले वाटे, माही किडनी पोटात घेऊन हा कोणत्या तोंडानं माह्यावर हात उचलीन?

पहिले रक्ताची तपासणी झाली, इथंच गावात. रिपोर्ट देरानं वाचला. घरातले शुगरचे रिपोर्ट पाहू पाहू आम्ही सगळे एकच गोष्ट शिकलो होतो: मोठ्या काळ्या अक्षरात छापलं ते वाईट, बारीक अक्षरात ते चांगलं. त्यानं कागदावरून बोट फिरवलं. “क्रिएटिनिन नॉर्मल, युरिया नॉर्मल. वैनी, एक भी मोटा अक्षर नहीं है. तुमच्या दोन्ही किडन्या फस क्लास.”

सासूनं नारळ फोडला. गल्लीत पेढे वाटले. किडनी माह्या पोटात अन् पेढे बायांच्या तोंडात, मले विचारलं कोणी नाही. त्या दिवसांत मार बंद होता, एवढं मात्र खरं. सासू मले दूध देत होती, गाभण म्हशीची काळजी घ्यावी तशी.

मंग नागपूरले गेलो. तिथल्या डॉक्टरचं रक्तावर भागलं नाही. सुई टोचून मले एका मशीनखाली झोपवलं. कोणती किडनी किती काम करते, ते त्यात वेगवेगळं दिसते म्हणे. मंग डॉक्टरनं मले, नवऱ्याले अन् देराले आत बोलावलं अन् सांगतलं, “ताईंची डावी किडनी जवळपास बंद आहे. सुकून लहान झाली आहे.”

देरानं पिशवीतून आमचा रिपोर्ट काढून टेबलावर आपटला. “पर साहब, इसमें तो सब नॉर्मल है.”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “रक्ताचा रिपोर्ट दोन्ही किडन्यांचं मिळून काम सांगतो. एक बैल बसला आणि दुसऱ्यानं बंडी ओढून घरी आणली, तर घरच्यांना वाटतं दोन्ही बैल चालले.” मंग त्यांनी माह्याकडं पायलं. “ताई, या बाजूला कधी जोराचा मार लागला होता का?”

“बचपन में गिरी होगी,” देर माह्या आधी बोलला.

माहं डोस्कं फिरलं. “पडली नाही,” मी नवऱ्याकडं बोट करून म्हटलं. “यायनं लाथ घातली.”

अन् सगळं सांगतलं. एका वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत भावाच्या घरी किरनापुरले मी न विचारता गेलती. परत आली तं हा दारातच उभा. हातातली पिशवी खाली ठेवाच्या आत बरगडीखाली लाथ बसली. मी उंबऱ्यावर आडवी झाली, तं त्याच जागी आणखी एक. नंतर लघवीतून रक्त जाऊन राह्यलं होतं. सासू म्हणे, उष्णता झाली, धन्याचं पाणी पे. मी पेली. डॉक्टरकडं कोणी नेलं नाही अन् मीही न्या म्हटलं नाही, कारण तिथं काय सांगाचं?

डॉक्टर माह्या नवऱ्याकडं वळले. मंग म्हणाले, “डावी उपयोगाची नाही. उजवी घेता येणार नाही, कारण ह्यांना तेवढीच आहे. दुसरा कोणी देणारा पाहा.” देर तोवर फोन कानाले लावून बाहेर गेलता. फोन वाजलाच नव्हता.

मले दया आली नाही. आनंद झाला, अन् तो मी लपवला नाही. बाहेर जिन्याजवळ कोणी नाही पाहून नवऱ्यानं माही वेणी मुठीत धरली अन् डोस्कं भिंतीवर आदळलं. “डॉक्टरसमोर इज्जत घालवली माही. आता मी मरू का?”

धडपडीत त्याचा डावा हात माह्या हातात आला. त्याच मनगटात डायलिसिससाठी डॉक्टरायनं नस जोडली होती. रक्त काढाले अन् घालाले त्याच्यापाशी तेवढी एकच चांगली जागा उरली होती. ती दाबून धरली तं कायमची बंद होऊ शकते, हे नर्सनं आम्हा दोघांयलेही बजावलं होतं. माह्या बोटाखाली ती नस थरथरत होती. मी अंगठा तिच्यावर ठेवला अन् त्याच्या डोळ्यात पायलं.

वेणीवरची मूठ सुटली.

“सोड न,” तो हळूच म्हणाला. लग्न झाल्यापासून, सोडा न, असं मीच म्हणत आलती.

मी लगेच सोडलं नाही.