पितृपक्षातलं इंजिन

"पितृपक्षात कुणी इंजिन उघडतं का हो?" हे मला त्या वर्षी इतक्या जणांनी विचारलं, की शेवटी शेवटी मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. उघडतं. मी उघडलं. चुकून नाही, चांगलं ठरवून उघडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या ज्या कंपनीत मी पार्ट तपासायच्या टेबलावर बसायचे, ती बंद पडली. आम्हा बायकांच्या हातात एकेक चेक दिला आणि गेट लावून घेतलं. कुणी त्या पैशांचं सोनं केलं, कुणी घरावर स्लॅब टाकला. माझ्या दारात एक जुनी पिकअप उभी होती. नवऱ्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेलं होतं, म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही ती सेकंडहँड घेतली होती. गिरणाऱ्याहून टोमॅटो भरायचा, पेठ रस्त्यानं सुरतेच्या मार्केटला पोचवायचा, असा आमचा धंदा. कंपनी गेल्यापासून मीही सोबत जायला लागले होते.

गाडी वाईट नव्हती, पण इंजिन लहान. सपाटीला एकदम गुणाची, सावळघाट लागला की रडायला सुरुवात. पूर्ण माल भरला तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा धाप टाकायची आणि रेडिएटर उकळायचा. म्हणून आम्ही पाऊण गाडीच भरायचो. डिझेल पूर्ण गाडीचं, भाडं पाऊण गाडीचं. सांगा, कसा चालायचा असला धंदा?

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गिरणाऱ्याचे एक टोमॅटोवाले शेतकरी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. माणूस चांगला. शेताच्या बांधावर बसून आमच्या डब्यातली भाकरी खाल्लेली होती त्यांनी, उगाच कशाला खोटं बोलू! पण त्या पावसाळ्यात त्यांनी सरळ सांगून टाकलं, "ताई, घटस्थापनेपासून माझा मोठा तोडा सुरू व्हतोय. पूर्ण गाडी न्यायची तयारी आसंल तर तुमी, नायतर मी दुसरी गाडी लावतो. राग नका मानू."

राग कसला मानायचा? त्यांचा माल गेला की आमच्या गाडीला काम उरत नव्हतं. मग गाडी विकायची आणि नवऱ्यानं पुन्हा कुणाच्या तरी दारात 'शेठ, आज येऊ का?' म्हणत उभं राहायचं. मोठे दीर म्हणाले, "विकून मोकळे व्हा. मोटारीतलं बाईमाणसाला काय कळतं!" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला कळतं ना? मग तुम्ही का रिक्षानं फिरता?" ते चहा अर्धा टाकून गेले. नवरा म्हणाला, "तुझी जीभ म्हणजे ना..." मी म्हटलं, जीभ राहू द्या बाजूला, मिस्त्रीकडे चला.

पेठ नाक्यावर आमच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं बॉनेट उघडून जे सांगितलं ते ऐकून माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. नवं इंजिन घ्यायची गरज नव्हती. आमच्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बाहेरचा सांगाडा, आणि त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा ब्लॉक जवळजवळ एकच. फरक मुख्यतः आतल्या क्रँकचा, म्हणजे पिस्टनला वर-खाली नाचवणाऱ्या वाकड्या दांड्याचा. मोठ्या गाडीच्या दांड्याचा बाक मोठा, म्हणून पिस्टनची उडी लांब, म्हणून ताकद जास्त. "आपल्याच ब्लॉकमध्ये तो मोठा क्रँक बसवू, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "बाहेरून बघणाऱ्याला कळणारपण नाही."

"खर्च किती?"

"बघू की. काम काढल्यावर कळेल."

हे 'बघू की' म्हणजे माझं डोकं फिरवायचा हमखास उपाय. मी कंपनीत इतकी वर्षं काढली, तिथे 'बघू की' म्हणून कुणी एक वॉशर टाकला नाही. मी त्याच्याकडचा खडू घेतला आणि गॅरेजच्या पत्र्यावर लिहायला बसले. सांगा म्हटलं, एकेक सांगा. क्रँक नवा घ्यायचा नाही, ॲक्सिडेंटच्या गाडीतून निघालेला घ्यायचा. त्याला घासून गुळगुळीत करायचं ग्राइंडिंग. बेअरिंग. गॅस्केट. पंपाची सेटिंग. मी बेरीज करून खूश झाले, तेवढ्यात मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "पिस्टन पण लागतील. उडी लांब झाली की जुना पिस्टन ब्लॉकच्या वर डोकं काढेल. आणि ताकद वाढली की क्लच प्लेट टिकणार नाही. रेडिएटर पण थोडा मोठा."

बाई गं! घरात नवी सून आणायला निघालो होतो, मागोमाग तिचं अख्खं माहेर टेम्पो करून आलं. बेरीज पत्र्याच्या खालच्या कडेला जाऊन टेकली. नवऱ्यानं तर पाहायचंच सोडलं, तो बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

मी मात्र तिथून उठले नाही. माझी एकच अट होती. सगळं झाल्यावर एका फेरीचं डिझेल आणि घरातला एक महिना, एवढे पैसे माझ्या हातात उरलेच पाहिजेत. मग खडूनं एकेक खोडायला घेतलं. रेडिएटर जुनाच, फक्त त्याला आणखी एक पदर जोडून घ्यायचा. पिस्टन नवेच, तिथे काटकसर नाही. बॉडीचा रंग? गेला खड्ड्यात. तरी मेळ बसेना, थोडेसे पैसे कमीच पडत होते. तेव्हा मिस्त्री सहज बोलून गेला, "दसऱ्याच्या आधी सगळ्यांनाच गाड्या पाहिजेत, म्हणून ग्राइंडिंगवाले भाव वाढवून बसतात. पितृपक्षात मात्र माशा मारतात."

बस. मी तिथेच ठरवलं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात पितरांचं पान वाढत नाहीत, माझ्या आजीच्या पिढीनं ते कधीच सोडून दिलं. आमच्या गेलेल्या माणसांची आठवण आम्ही रोज काढतो, त्याला पंधरवडा लागत नाही. मग ज्या दिवसांत सगळ्यांची मशिनं गार पडलेली असतात, ते दिवस आमच्यासाठी सोन्याचे की नाहीत? ग्राइंडिंगवाल्यानं खरंच भाव पाडला. स्पेअरपार्टच्या दुकानदारानं तर बसायला खुर्ची दिली, वर चहा. म्हणाला, "या पंधरवड्यातलं पहिलंच मोठं बिल आहे." माझ्या हिशेबाला मी स्वतःच शाबासकी देत होते. सगळं धरलं होतं मी त्यात, अगदी कापडाच्या चिंध्या आणि हात धुवायच्या पावडरीसकट.

मिस्त्री तसा भला माणूस, पण देवभोळा. त्यानं इंजिन बांधलं, गाडीत चढवलं, आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, काम केलं. पण पहिला स्टार्ट अमावास्या उलटल्यावर. घटस्थापनेला नारळ फोडू आणि मारू."

"आणि मोकळं कधी करायचं?" मी विचारलं. कारण त्यानंच सांगितलं होतं की नवं बांधलेलं इंजिन आधी काही दिवस रिकामं, हळूहळू पळवावं लागतं, लगेच भार टाकला की गेलं. घटस्थापनेला तर अण्णांचा माल भरायचा होता.

मिस्त्री पुन्हा हात पुसायला लागला.

"किल्ली इकडे द्या," मी म्हटलं. साडीचा पदर खोचला आणि चढले ड्रायव्हरच्या सीटवर. माझे कंपनीतले सगळे दिवस त्या बॉनेटखाली घातले होते मी. किल्ली फिरवली. खाकरलं, बंद पडलं. पुन्हा फिरवली. गॅरेजभर पांढरा धूर झाला आणि त्या धुरातून असा आवाज आला, जाड, भरलेला, की मिस्त्री देवबिव विसरून ओरडला, "लागलं! लागलं!" मी मोठ्यानं हसले. रडलेही असेन थोडी, धुरानं.

मग रोज सकाळी सिन्नरपर्यंत रिकामी गाडी न्यायची आणि आणायची. कळणाऱ्यांना कळलंच. आपल्याकडे बातमीला डिझेल लागत नाही.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही अण्णांच्या शेतावर गेलो. भरलेले कॅरेट बांधावर रांगेनं लावलेले, मजूर तयार. अण्णा मात्र गाडीजवळ आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "ताई, इंजन म्हणं पित्तरपाटात बशिवलं?"

मिस्त्रीनं नवऱ्याला आधीच पढवून ठेवलं होतं, की विचारलंच कुणी तर आजच सुरू केलं म्हणून सांगा. नवऱ्यानं तोंड उघडलं, "नाही, म्हणजे तसं आज सकाळीच आम्ही..."

"हो अण्णा," मी मध्येच बोलले. "पितृपक्षातच बसवलं. पितृपक्षातच चालू केलं. मीच किल्ली मारली."

का बोलले? गप्प बसले असते तर माल मिळाला असता. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही. आणि माझ्या घरची रीत मी काय म्हणून लपवू? चोरी केली होती का?

अण्णा म्हणाले, "मग नाय भरायचा. देव घटी बसायच्या दिवशी माझा पयला माल आसल्या गाडीत नाय घालणार मी. तुमच्यात चालतं, आमच्यात नाय चालत."

तुमच्यात, आमच्यात. माझ्या भाकरीच्या वेळी कुठे होतं हे तुमच्यात-आमच्यात? लागलं मला ते. आज इतकी वर्षं झाली, तरी लागतं. आणि त्याहून जास्त राग माझा मला आला. पत्र्यावर खडूनं सगळं लिहिलं होतं, चिंध्यासुद्धा लिहिल्या होत्या, आणि ज्यांचा माल न्यायचा ती माणसं तेवढी धरायची राहिली होती. पितृपक्ष आम्हाला नव्हता, पण आमच्या गिऱ्हाइकांना होता की!

नवरा हळूच म्हणाला, "चल, जाऊ." आवाज इतका पडलेला, की तो आत्ताच कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला उभा आहे असं वाटलं. ते मात्र मला सहन झालं नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचा माल माझ्या गाडीत नको, एवढंच ना?"

"व्हय."

"मग तो माझा करा. विकत घेते मी. आजचा गिरणाऱ्याचा भाव, रोख, आत्ता. एकदा माझा झाला की मी तो कशातही घालेन. माल माझा, गाडी माझी. तुमच्या पितरांना मध्ये यायचं कारण नाही."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. अण्णांनी बांधावरच्या कॅरेटकडे पाहिलं, वर आलेल्या उन्हाकडे पाहिलं. लाल झालेला टोमॅटो कुणाची वाट बघत नाही, आणि दुसरी गाडी उद्याशिवाय येणार नव्हती. "पैसं आनलेत?" त्यांनी विचारलं.

एका फेरीचं डिझेल आणि घरातला महिना माझ्या पिशवीतच होता. डिझेल सकाळीच भरलं होतं, तरी उरलेले जेमतेम पुरले. घरात तेलाची बाटली अर्धी होती आणि मी टोमॅटोची मालकीण झाले होते! अण्णांनी नोटा खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "कॅरेट मातर परत आनून द्या." पैशाला काही पितृपक्ष लागला नाही त्यांच्या.

गाडी काठोकाठ भरली. घाट सुरू झाला तसा नवऱ्यानं सवयीनं पहिला गिअर टाकायला हात नेला. "थांबा," मी म्हटलं, "दुसऱ्यावरच राहू द्या." गाडी दुसऱ्यावर राहिली. वळण आलं, चढ आला, इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा जागचा हलला नाही, आणि आमच्या मागचा एक ट्रक चक्क मागेच राहिला. "अगं, चढतेय!" नवरा म्हणाला. "चढतेय की गं!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मी त्याला म्हटलं, समोर बघा, नाहीतर पितरांची भेट आजच व्हायची.

सुरतेला पहाटे माल उतरला. सणाचे दिवस, मार्केटला गाड्या कमी, भाव चांगला लागला. मी अडत्याच्या शेजारी उभी राहून एकेक कॅरेट विकला जाताना पाहिला. भाड्यात आम्हाला जे मिळालं असतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट सुटलं. परतीच्या वाटेवर आम्ही पेठला थांबून मिसळ खाल्ली, दोघांनी दोन-दोन पाव जास्तीचे मागितले.

दुसऱ्या दिवशी रिकामे कॅरेट घेऊन अण्णांच्या शेतावर गेलो. अण्णा या वेळी गाडीजवळ आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "घाट चढली म्हणं?"

"दुसऱ्यावर चढली."

"आन भाव काय लागला?"

मी खरा भाव सांगितला. लपवायचं काय त्यात? अण्णांनी ओठांतल्या ओठांत कॅरेट मोजले. त्यांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग ते जरा हसून म्हणाले, "जाऊ द्या ताई, झालं गेलं. इंजन आता चाललंय चांगलं. उद्यापासून भरू आपला माल, नेहमीच्या भाड्यानं."

नवरा लगेच हो म्हणायला पुढे झाला. मी त्याचं मनगट धरलं.

"भाड्यानं आता गाडी मोकळी नाही, अण्णा," मी म्हटलं. "माल द्यायचा असेल तर भाव सांगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. टोपी काढून डोकं खाजवलं. मग भाव सांगितला.

मी दोन रुपये कमी सांगितले.