मंजुळाने थांबवलेला पाळणा

कुडपणच्या पठारावर हर्षदशेठांनी रिसॉर्ट काढलं, तेव्हा उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर बंद पडलेला खुर्च्यांचा जुना पाळणा विकत आणला. जाड तारेला लटकलेल्या खुर्च्या, एकीत दोघं बसायची. बर्फावर घसरायच्या फळ्या अडकवायचे हुक तसेच होते. मुंबईची माणसं त्यांना पिशव्या अडकवत आणि ढगातून टेकडीवर जात.

खाली माणसं बसवायचं काम मंजुळाचं. "बसा ताई, पाय उचला, दांडा सोडू नका," असं दिवसभर. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं घर सावरलं होतं. वर टेकडीवर प्रयागबाई नाचणीची भाकरी नि पिठलं विकायची. सकाळी पहिली खुर्ची तिची. टोपलीसकट तिला बसवताना मंजुळा म्हणायची, "भाकऱ्या सांभाळ गो, तू पडलीस तरी चालंल!"

दिवाळीनंतर एका दुपारी एक जोडपं वर निघालं. दुसऱ्या खांबाशी कट् असा आवाज झाला आणि त्यांची खुर्ची तारेवर वीतभर मागे सरकल्यासारखी मंजुळाला वाटली. तिनं लाल बटण दाबलं.

मोटरीवरचा भिकू धावत आला. "काय झालं गो?"

"खुर्ची सरकली."

"मला नाय दिसली."

त्यानं पाळणा हळूहळू मागे घेऊन जोडप्याला उतरवलं. ती दोघं हसतच होती. दुसऱ्या दिवशी तिनं शेठना सांगून टाकलं, "मी आता कुणाला बसवणार नाय."

शेठ रागावले नाहीत. त्यांनी माणसं बोलावून पाळणा तपासून घेतला. सरकल्याची खूण कुठं सापडली नाही. पण पाळणा फार जुना झालाय, तार बदलायला हवी, सुटे भाग आता मिळत नाहीत, असं ती माणसं म्हणाली. शेठनी पाळणा बंद केला.

पाळणा थांबला तशी गर्दी ओसरली. भिकू महाडच्या कारखान्यात रोजावर जाऊ लागला. प्रयागबाईची चूल थंड झाली. मंजुळाला मात्र शेठनी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. खरं बोलणारी बाई म्हणून.

तेच तिला खायला उठायचं. तळीयेला दरडीखाली तिची मावशी गेली, तेव्हापासून डोंगरात काही वाजलं की ती दचकायची. त्या दुपारी खुर्ची खरंच सरकली, की आपणच भ्यालो? पाणवठ्यावर बायका तिला पाहून गप्प होत. प्रयागबाई तर वाट बदलायची.

पाळणा उतरवायला माणसं आली, तेव्हा मंजुळा खरकटे हात पुसत तिथं गेली. तार कुजकी निघावी, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटत होती.

"तुटली असती का हो?" तिनं विचारलं.

कामगार म्हणाला, "जुनी हाय बाई. आणखी चालली असती, नायतर उद्याच गेली असती. कोण सांगणार?"

पुढं प्रयागबाई मुलाकडं नालासोपाऱ्याला जायला निघाली. मंजुळाला कळलं तशी ती एसटीच्या थांब्यावर गेली. प्रयागबाई दोन पिशव्या नि तवा घेऊन बसली होती.

"माझ्यामुळं चाललीस ना?" मंजुळा म्हणाली. "चुकलं गो माझं."

प्रयागबाईनं पिशव्या जवळ ओढल्या. मग म्हणाली, "चुकलं असं मी नाय म्हणत. त्या खुर्चीत रोज मीच बसत होते. पण मला राग येतो तुझा. काय करू?"

"येऊ दे."

"तिथं सून चुलीजवळ येऊ देणार नाय मला. ती गॅसवर पोळ्या करते."

वळणावर पोलादपूरची गाडी दिसली. प्रयागबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"धर ती जड पिशवी," ती म्हणाली. "नि मला वर चढव."

मंजुळानं आधी पिशवी चढवली, मग तिचं कोपर धरून तिला पायरीवर चढवलं. गाडी हलली. प्रयागबाईनं खिडकीतून हात केला नाही. तवा मांडीवर घट्ट धरून ती समोर बघत होती. मंजुळा धूळ खाली बसेपर्यंत थांबली आणि मग रिसॉर्टवर भाजी चिरायला गेली.