नोकरी टिकवायच्या युक्त्या

आमच्या वसईच्या कारखान्यात मिक्सरची भांडी बनतात आणि उरलेल्या वेळात किस्से. गेल्या वर्षी ऑर्डरी आटल्या, उरलेला वेळ वाढला. मग किस्से साठणारच!

मालक राऊतभाऊ गिरीजचे, वाडीवाले. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावून घरच्या वाडीतली केळी वाटली. ती खाऊन होईपर्यंत थांबले आणि मग सांगितलं, की महिनाअखेर एक माणूस कमी करावा लागणार. वाईट बातमी रिकाम्या पोटी द्यायची नाही, हा त्यांचा नियम.

*

दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्यावाचून कारखाना कसा अडेल, याच्या मागे लागला. इलेक्ट्रिशियन परबने मेन बोर्डावरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. कुठला स्विच कशाचा, हे फक्त त्यालाच ठाऊक. दोन दिवसांनी तो पंखा लावायला गेला आणि प्रेस मशीन बंद पडलं. आता बोर्डावर पुन्हा चिठ्ठ्या आहेत, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

*

गास गावचे डॉमनिककाका पॉलिश मशीनवर. चालू करण्याआधी ते मशीनला टपली मारू लागले. टपलीशिवाय ते चालतच नाही, असं सगळ्यांना पटलं. काका लग्नाला गेले, तर मशीनला हात लावायला कोणी धजेना. शेवटी भाऊंनी फोन केला. बँडच्या गोंगाटात काका ओरडले, "डावीकडून मारा, पण प्रेमाने!"

*

युक्ती सुचली नाही ती सुजाताला. ती मनवेलपाड्याची, पॅकिंगवाली. नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली, घर तिच्या पगारावर. आणि पॅकिंग काय, कोणीही करेल. जेवणाच्या सुट्टीतही ती खोकी भरत बसायची. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

महिनाअखेरीला भाऊ म्हणाले, सुजाताचं काम तुम्हाला आपापसात वाटून घेता येईल का, करून दाखवा.

परबने खोक्यात झाकणच घातलं नाही. डॉमनिककाकांनी इतकी टेप गुंडाळली, की खोकं उघडायला करवत लागली असती. मी अकाउंट्सवाला, झाकणाची रबरी रिंग विसरलो. आईशप्पथ, कोणी कोणाशी काही ठरवलं नव्हतं.

"परबदादा, झाकण राहिलं," सुजाता हळूच म्हणाली. परबने तिच्याकडे बघितलंच नाही.

भाऊंनी आमची खोकी एकेक करून बघितली. मग बाह्या सरसावून त्यांनी स्वतः एक खोकं भरलं. भांडं, झाकण, रिंग, सगळं जागच्या जागी. मग सगळं परत बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि रिकामं खोकं टेप लावून बंद केलं.

"मलाही नाही जमत," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.