कौसाबाईच्या नावाचा कप

आमच्या गावाने सन चौसष्टमध्ये इंग्लंडचा जाहीर निषेध केला. इंग्लंडला हे अजून माहीत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला, पंचायतीच्या वहीत चढला, आणि त्याची नक्कल नेमकी कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे वहीतच राहिला. अक्षर माझं आहे. मी तेव्हा गावच्या शाळेचा मास्तर होतो. गावात काहीही उदात्त लिहायचं असलं की मलाच बोलावणं यायचं.

ठराव झाला तो कौसाबाईमुळे. कौसाबाई म्हणजे रुक्मिणीबाईंची थोरली सून. माहेर लोणखेड्याचं, गुजर पाटलाचंच घर, पण जमीन बेताची. एक्कावन्न साली लग्न झालं. आमच्या तापीकाठच्या गुजरांत मुलीसोबत पितळी-तांब्याची भांडी देतात, आणि प्रत्येक भांड्यावर नाव घालून देतात. हंडा बघायचा तर आधी नाव वाचायचं, मग हंडा. कौसाबाईच्या बापाने भांडी दिली, पण नाव घालणारा त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या लग्नात अडकला होता, म्हणून भांडी कोरीच आली. नंतर घालू म्हणाले, ते राहिलंच. तेवढ्यावर रुक्मिणीबाईंनी सात वर्षं काढली. मीठ जास्त झालं, कढी फुटली, पोटी मूल झालं नाही, काहीही झालं तरी गाडी त्याच फाट्यावर यायची.

"तुन्हा नावनं एक वाटी तरी शे का या घरमा?"

घराच्या मांडणीवर रुक्मिणीबाईंची भांडी होती, त्यांच्या सासूची होती, धाकट्या सुनेचीही होती. कौसाबाई रोज ती सगळी राखेने घासायची आणि दुसऱ्यांची नावं लखलखीत करायची.

नवरा पितांबर मॅट्रिक झालेला, अबोल, पाय मात्र घरात न ठरणारा. छप्पन साली तो एका ओळखीच्या माणसामागोमाग विलायतेला गेला आणि मँचेस्टरच्या बाजूला एका सूतगिरणीत रात्रपाळीला लागला. दोन वर्षांनी त्याने बायकोला बोलावलं. गावात चर्चा झाली. कपाशी वेचायची सोडून ही कुठे निघाली म्हणून बाया हसल्या. रुक्मिणीबाईंनी तर निरोपाच्या वेळी ओटी भरता भरता आशीर्वाद दिला.

"तठे गोऱ्या बाया शेतस. तुले कोन ईचारस?"

नंदुरबार स्टेशनावर तिला सोडायला मीही गेलो होतो. ती चौथी पास होती. मी तिला पत्त्याची वीस पाकिटं लिहून दिली होती आणि सांगितलं होतं, पोरी, पत्र टाक. ती टाकायची. महिन्याला एक. ते सरपंच हिलाल अप्पांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर वाचायचं काम माझ्याकडे असे.

विलायत आम्हाला कळली ती या पत्रांतून. कौसाबाईने लिहिलं की इथले लोक फार सोवळे आहेत. अकरा घरी खोली मागितली, पण परक्या जातीच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. काही घरांच्या खिडकीत पाटी असते. पाटीवर काय आहे असं यांना विचारलं, तर हे म्हणाले, खोली भरलेली आहे. ओट्यावर माना हलल्या. सोवळं पाळणारे लोक म्हणजे आपल्यातलेच. हिलाल अप्पा म्हणाले, साहेब राज्य करून गेला ते उगाच नाही.

दुसऱ्या पत्रात बस आली. मी बसले की शेजारची बाई लगेच उठते आणि लांब जाऊन उभी राहते, असं तिने लिहिलं. तिला वाटलं, आपल्याकडे जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, आली की धाकटी उठते, तसाच इथे परमुलखातल्या सुवासिनीला मान असावा. हे वाचताना मी थोडा अडखळलो. चार बुकं मी जास्त शिकलो होतो. पण ओट्यावर सगळे इतके खूश होते की मी पुढची ओळ घेतली.

म्हणजे ती भोळी होती असं नाही. उघड बोललेलं तिला भाषा न येताही कळायचं. घरमालकिणीने ठेच्याच्या वासावरून नाक धरून बडबड केली, तेव्हा हिने दुसऱ्या दिवशी मिरच्या दुप्पट घेतल्या. ती बाई शनिवारच्या शनिवार अंघोळ करायची आणि हिला घाणेरडी म्हणायची. एका पोराने दुकानात हिचा हात घासून पाहिला, रंग सुटतो का म्हणून. हिने त्याचा गाल घासून पाहिला. पुढे तीही गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. तिथे एक जाडी बाई रोज तिला आपल्या देशात चालती हो म्हणायची. रोजच ऐकून ते शब्द हिला पाठ झाले. शेवटी एकदा हिने खणखणीत अहिराणीत उत्तर दिलं.

"जासू ना बाई, पह्यले मन्हा कापूस परत दे!"

हे वाक्य गावात वर्षभर चाललं. पोरं एकमेकांना म्हणायची.

आणि मग कपाचं पत्र आलं. ते मला आजही जवळजवळ तोंडपाठ आहे. तिने लिहिलं होतं की गिरणीत चहाची सुट्टी होते. सगळ्यांचे कप सारखे, पांढरे, कोणाचा कोणता याचा पत्ता नाही. पण माझ्या कपावर लाल रंगाने माझं नाव घातलं आहे. त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. माझ्या नावाचं हे पहिलं भांडं. आत्याबाईंना सांगा.

रुक्मिणीबाई ओट्याच्या आतल्या बाजूला, दाराआड बसून ऐकत होत्या. त्या दिवशी पत्र संपताच त्या उठून घरी गेल्या. मला वाटतं, मी त्या घरासाठी वाचलेल्या सगळ्या पत्रांत तेवढं एकच कामाचं होतं.

चौसष्टमध्ये गिरणीतली माणसं कमी झाली, त्यातच इकडे पितांबरचे वडील गेले. शेती बघायला कोणी हवं म्हणून दोघं परत आली. एक पत्र्याची पेटी, एक कोट, आणि जुन्या लुगड्यात सात घड्या घालून बांधलेला कप. कौसाबाईने तो मांडणीच्या मधोमध ठेवला, रुक्मिणीबाईंच्या हंड्याशेजारी. बाया बघायला यायच्या. इंग्रजी वाचता न येणाऱ्या बाया त्या तांबड्या अक्षरांवरून बोट फिरवून म्हणायच्या, हो, कौसाच लिहिलंय. सासूचं तोंड बंद झालं. कौसाबाईचा आवाज घरात पहिल्यांदा ऐकू यायला लागला, आणि भाजीत मीठ किती घालायचं हे तिला कोणी सांगेना.

पितांबरला मात्र त्या कपाचं कौतुक कोणी सुरू केलं की शेतात काम निघायचं.

त्याच्याच तोंडून एकदा पाटीचं खरं निसटलं. हिलाल अप्पांनी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला की पाटीवर काळ्या माणसांना खोली नाही असं असायचं. अप्पा ताडकन उठले. सोवळं परवडलं, पण काळा म्हणजे काय? अप्पा स्वतः तव्याच्या बुडासारखे होते.

"आपली सूनले खोली दिधी नही? मानूस-मानूसमा भेद? मास्तर, ठराव लिखा. कडक लिखा!"

ठरलं असं की एकाच दिवशी कौसाबाईचा सत्कार आणि इंग्लंडचा निषेध करायचा, म्हणजे चहा एकदाच होईल. मी मानपत्र लिहिलं. त्यात 'परदेशी स्वाभिमानाची ध्वजा फडकविणारी' वगैरे होतं. कापडी फलकासाठी तालुक्याहून तांबडा तेलरंग आणवला.

दिवाळीनंतरचा दिवस होता, दुपारची चारची वेळ. रुक्मिणीबाईंच्या अंगणात सतरंजी घातली होती. एका कडेला सोनीबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सोनीबाई त्या घरी पंधरा वर्षं कामाला होती, जातीने भिल्ल, कौसाबाईच्याच वयाची. सत्कार असला तरी शेंगा थांबत नाहीत. हिलाल अप्पांनी भाषण केलं. माणसाने माणसाला माणूस मानलं पाहिजे हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग मांडणीवरचा कप आणून पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि चहा आला.

आम्हा सगळ्यांना घरातल्या कपबश्यांतून. सोनीबाई उठली, पडवीच्या वळचणीत खोचलेला आपला टवका उडालेला कप तिने काढला, धुतला आणि पुढे धरला. धाकट्या सुनेने वरून, न शिवता चहा ओतला. हे रोजचंच होतं, त्यामुळे कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

सोनीबाई चहा संपवून आपला रिकामा कप घेऊन पाटाजवळ आली आणि वाकून तो विलायती कप पाहू लागली. तिच्या तोंडावर निव्वळ कौतुक होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नंतर गावाने तिला खोडसाळ ठरवलं.

"कौसामाय, तठे हाऊ कप कोन धोये?"

"मीच धोऊ," कौसाबाई अभिमानाने म्हणाली.

"आन ऱ्हाये कोठे?"

"दारनाबाहेर. खिळाले."

"दुसरं कोनी त्यामा चहा पिये का?"

"नही. मन्हाच..."

कौसाबाई तिथेच थांबली. सोनीबाई मात्र मनापासून हसली.

"मंग ते मन्हासारखंच शे की माय! माले वाटनं, तठे काही येगळंच ऱ्हास."

अंगणात बश्यांचा आवाज बंद झाला. कौसाबाईने आधी आपल्या कपाकडे पाहिलं, मग सोनीबाईच्या हातातल्या कपाकडे, मग नवऱ्याकडे. पितांबर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"तुम्हले ठावं व्हतं?"

त्याने होकाराची मान हलवली. म्हणाला, "तुले बरं वाटी ऱ्हायनं व्हतं. म्हनीसन बोलनू नही."

तिचे डोळे भरले. तेरा वर्षांनी त्या घरात तिच्या नावाचं एक भांडं आलं होतं, आणि त्यावर हळदकुंकू अजून ओलं होतं. मला वाटलं ती आत निघून जाईल. रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर ते जुनं वाक्य परत येताना मी पाहिलं.

कौसाबाई आत गेली नाही. तिने सोनीबाईच्या हातून तो टवका उडालेला कप घेतला आणि पाटावर आपल्या कपाशेजारी ठेवला.

"त्या लोकेस्नी मन्हं नाव तरी घालं. आपुन पंधरा वरीस सोनीले चहा पाजी ऱ्हायनूत, तिना कपवर नाव बी नही."

हिलाल अप्पा खाकरले. "कौसा, आपलं येगळं शे. आपली ती रीत शे. त्यासना तो माज शे."

सतरंजीवरच्या लोकांना केवढा धीर आला म्हणून सांगू! लगेच दोघातिघांनी बश्या तोंडाला लावल्या. पण कौसाबाईचं बोलणं संपलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, तुम्हनाकडे रंग शे ना? लिखा. सोनीबाई. मंग दोन्ही कप मांडणीवर ठेवू."

"मन्हा जीव शे तोपावत सोनीना कप मांडणीवर नही," रुक्मिणीबाई दारातून म्हणाल्या.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. सोनीबाईसुद्धा, रिकामे हात तसेच पुढे धरून; हे सगळं आपल्याबद्दल चाललंय हे तिला पटत नसावं. मी अप्पांकडे पाहिलं. माझी बदली, माझी खोली, माझं दूधदुभतं त्यांच्याच हातात. मी म्हणालो, "बाई, रंग वाळला."

"बरं," कौसाबाई म्हणाली. "मंग मन्हा बी नही मांडणीवर."

तिने दोन्ही कप उचलले, आपल्या कपावरचं हळदकुंकू पदराने पुसलं आणि पडवीच्या वळचणीत दोन्ही शेजारी शेजारी खोचले. त्यानंतर तिने घरातल्या कपातून कधी चहा घेतला नाही. दुपारी सोनीबाईसोबत पडवीच्या पायरीवर बसायची. विलायत रिटर्न पाटलीण भिल्लिणीबरोबर उकिडवी बसून चहा पिते म्हणून गावात बोलणी झाली, सोयऱ्यांनी दोन लग्नांत पंगतीला बोलावलं नाही. विलायतेत जाऊन डोकं फिरलं, असं निदान निघालं. रुक्मिणीबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात कासाराला बोलावून एका नव्या हंड्यावर कौसाबाईचं नाव घालून घेतलं, पण तिने तो हंडा गुरांच्या पाण्याला लावला.

एकोणसत्तरमध्ये रुक्मिणीबाई गेल्या. तेराव्याला दोन्ही कप मांडणीवर आले, एक नावाचा, एक बिननावाचा. कौसाबाईने मला परत कधी विचारलं नाही. मी समोर दिसलो की नमस्कार करायची, चहाही द्यायची, पण त्या दोन कपांपैकी एकातूनही नाही.

त्या दिवशीचा ठराव बाकी चहा गार व्हायच्या आत मंजूर झाला. त्यात शेवटचं कलम असं होतं की शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'सर्व माणसे समान आहेत' असं मोठ्या अक्षरात लिहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लिहिलं, त्याच डब्यातल्या रंगाने. रंग पुरला, थोडा उरलासुद्धा.